दोन किलो नऊशे ग्रॅम हवा

कुकरच्या रिंगेवरून आज सकाळी नववा फोन आला. मी पोहे परतत होते. "वहिनी, काही कळलं का?" मी म्हटलं, नाही. "बोट कुठवर आली?" मी म्हटलं, विचारून सांगते. दोन्ही उत्तरं खोटी. मला सगळं कळलेलं आहे, म्हणूनच तर फोन नको वाटतो.

यंदा कोजागरी झाली आणि मी लेकीला फराळ पाठवायला निघाले. लेक-जावई अमेरिकेत शिडाच्या बोटीवर राहतात. सुट्टीत फिरतात असं नव्हे, राहतात. ३४ फुटी बोट. तिच्यातच ओटा, तिच्यातच बिछाना, वर सौर पट्ट्या. उन्हाळा उत्तरेत काढायचा आणि शरद लागला की थंडीच्या दोन पावलं पुढे राहत फ्लोरिडाकडे सरकायचं. हे त्यांचं तिसरं वर्ष. आपल्याकडे सीमोल्लंघन दसऱ्याला, त्यांचं विम्याच्या मुहूर्तावर. तिकडे वादळांचा मोसम ३० नोव्हेंबरपर्यंत धरतात आणि त्यांच्या विम्याची अट अशी की १ नोव्हेंबरच्या आत अमुक रेषेच्या खाली उतरलात तर तुमचं तुम्ही बघा.

हे इंदुरात कुणाला सांगितलं की माणूस आधी गप्प होतो. साहजिक आहे. आमचं गाव समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर वर. प्यायचं पाणीसुद्धा सत्तर किलोमीटरवरून, जलूदहून, नर्मदेचं, पंपाने चढवून आणलेलं. पाण्याशी आमचं नातं म्हणजे नळ किती वाजता येतो एवढंच. बोट म्हटली की पिपल्यापाल्याच्या तलावातली, पायाने हाणायची, वेळ संपली की शिट्टी मारून परत बोलावतात ती. मग थोडं थांबून प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो. शिकलेला, न शिकलेला, डॉक्टर, भाजीवाली, सगळे. "संडास कुठे?"

बोटीतच. हातपंपाचा. मैला टाकीत साठतो. किनाऱ्यापासून तीन सागरी मैलांच्या आत तो तसाच पाण्यात सोडायला तिकडे कायद्याने बंदी आहे, म्हणून धक्क्याला लागलं की नळी जोडून उपसून देतात. हे ऐकल्यावर आमच्या सोसायटीचे सचिव म्हणाले, "मग ठीक आहे." इंदूरकराला ओल्या-सुक्याची सोय लागली की पोरीचा संसार मार्गी लागला असं वाटतं.

तर कुरिअरचं दुकान. चकल्या, शंकरपाळे, अनारसे, बेसनाचे लाडू आणि वर ठासून भरलेला पातळ पोह्यांचा चिवडा. खिडकीतला मुलगा चांगला होता, फक्त संगणक सोडून काही दिसत नव्हतं त्याला.

"मकान नंबर?"

मी सांगितलं, मकान नाही, बोट आहे. पार्सल धक्क्याच्या ऑफिसात ठेवून घेतात, बोटीचं नाव लिही.

"आंटी, मकान नंबर के बिना आगे ही नहीं बढ़ रहा."

शून्य टाक म्हटलं. संगणकाने शून्य घेतलं नाही. "एक डाल दूँ?" टाक बाबा. अशा रीतीने अटलांटिकच्या कडेला माझ्या लेकीचा घर क्रमांक १ झाला. खुणेची जागा मात्र त्याने मला न विचारता भरली. 'समुद्र के पास.'

मग गाव. गाव निवडायला मी चार दिवस घालवले होते, कारण पत्ता हलता आहे. पार्सल आधी पोहोचलं तर चालेल, बोट आधी पोहोचून पुढे गेली तर संपलं. म्हणून हिशेब करून साउथ कॅरोलायनातलं ब्यूफर्ट ठरवलं. मुलाच्या पडद्यावर आली दोन. नॉर्थ कॅरोलायनातही त्याच स्पेलिंगचं गाव आहे, त्याला बोफर्ट म्हणतात, आणि बोटी किनाऱ्यालगतच्या ज्या जलमार्गाने खाली उतरतात त्याच्यावरच दोन्ही, एकमेकांपासून सव्वातीनशे मैलांवर. बोटीच्या चालीने आठवडा.

"एकाच नावाची दोन गावं ठेवली कोणी?" मागून आवाज आला.

वळले. पांढरा सफारी, हातात कापडी पिशवी, पिशवीतून कुकरची शिट्टी डोकावत होती. मी एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवलंय. मागच्या बाकावरून आलेल्या आवाजाला उत्तर द्यायची खोड जात नाही. म्हटलं, आपलं बिलासपूर नाही का, छत्तीसगडात एक, हिमाचलात एक. तिथेच चुकले. गृहस्थ एक पाऊल पुढे आले.

"माफ करा हं, मी ऐकून राहिलो होतो. मुलीला घर नाही का?"

"बोटीत राहते."

"ते ऐकलं. पण घर?"

"तेच घर."

"जावई काय करतात?"

"कॉम्प्युटरचं काम. बोटीतूनच."

"मग पगार बरा असेल."

"बरा आहे."

"मग घर का नाही?"

मी म्हटलं, त्यांची हौस आहे. त्यावर ते माझ्याकडे पाठ करून सबंध रांगेला म्हणाले, "हौस आहे म्हणे."

तो 'म्हणे' मी अजून विसरलेले नाही. मराठीतला सगळ्यात दुष्ट शब्द आहे हा. तुम्ही खोटं बोललात असं कुणी म्हणत नाही, पण तुम्ही उभ्या आहात तिथे थोडा चिखल होतो.

खरं तर मला राग यायचं कारण नव्हतं. गेल्या शरदात मी स्वतः बारा दिवस त्या बोटीवर होते. भांडी खाऱ्या पाण्याने घासून शेवटी गोड्या पाण्याचा एक पेला फिरवायला शिकले. एका रात्री वारा फिरला, नांगर सरकला, इशाऱ्याचं यंत्र किंचाळायला लागलं आणि जावई अर्ध्या चड्डीत टॉर्च घेऊन वर धावला. मी अंथरुणात रामरक्षा म्हणत बसले, तीही 'शिरो मे राघवः पातु'च्या पुढे जाईना. सकाळी उठून बघते तर दोन्ही बाजूंना सोन्यासारखं गवत, मधून पाणी, आणि एक बगळा आमच्याकडे अशा नजरेने बघतोय की जणू भाडं थकलंय. इतकं सगळं पाहून बाराव्या दिवशी मी लेकीला काय विचारलं? "आता घर बघा ना एखादं." दोन तास बोलली नाही ती. बोटीवर अबोला फार अवघड जातो, रागावून जायला दुसरी खोली नसते.

असो. वजन.

काट्यावर चार किलो तीनशे ग्रॅम. मुलगा म्हणाला, पैसे सात किलो दोनशेचे. मी चष्मा लावला. "वॉल्यूमेट्रिक, आंटी." म्हणजे खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि पाच हजारांनी भागायचं, खरं वजन आणि हे, त्यातलं जास्त असेल ते लावायचं. चाळीस गुणिले तीस गुणिले तीस, छत्तीस हजार, भागिले पाच हजार, सात पूर्णांक दोन. त्याच्या यंत्राच्या आधी मी तोंडाने उत्तर सांगितलं. त्याने बिल कमी झालं नाही. चिवडा हा पदार्थच मुळी हवेचा असतो, बाजूला थोडे पोहे. साखर, तूप, बेसन, काजू ह्या सगळ्यांच्या एकत्र किमतीच्या कितीतरी पट पैसे ती हवा पाठवायला लागतात, आणि वर पोहोचेल कधी विचारलं तर "सिस्टम में दिखेगा". लुबाडणूक आहे ही सरळ सरळ. दिवाळीच्या तोंडावर आया खोके घेऊन रांगेत उभ्या राहणार हे ह्यांना पक्कं ठाऊक असतं.

"चिवडा कुटून घ्या," सफारीवाले म्हणाले. "तिकडे जाईस्तोवर चुराच होतो."

मी ऐकलंच नाही असं दाखवलं.

"म्हणजे वहिनी," (एव्हाना मी वहिनी झाले होते) "दोन किलो नऊशे ग्रॅमचे पैसे तुम्ही नुसत्या हवेचे देऊन राहिल्या?"

"हो."

"मग त्या हवेत माझं एवढं घाला की."

आणि त्यांनी पिशवीतून पाच लिटरच्या कुकरची रिंग, एक शिट्टी आणि पुडीत बांधलेले दोन स्क्रू काढून माझ्या खोक्यावर ठेवले. त्यांचा मुलगा न्यू जर्सीला आहे. लग्नातला कुकर आहे. रिंग सैल झाली.

"न्यू जर्सीत मिळतं हो सगळं. तिथल्या एडिसन गावात तर काय वाट्टेल ते मिळतं."

"मिळतं. पण डॉलरमध्ये."

मी पावतीच्या मागे नकाशा काढला. ही न्यू जर्सी, वर. हे ब्यूफर्ट, खाली. बोट चाललीय आणखी खाली. मध्ये हजारावर किलोमीटर.

"हायवेने एक दिवस."

"बोट हायवेने जात नाही."

"चाकं नाहीत?"

"नाहीत. आणि ताशी दहा किलोमीटर चालते. दिवसाला पन्नास मैल. अंधार पडला की नांगर टाकून झोपतात."

"दहाने?" त्यांना माझ्याबद्दल मनापासून वाईट वाटलं. "मग सायकल का नाही घेत?"

रांगेत हसले लोक. मुलगासुद्धा. मग मलाही चढली. म्हटलं, मार्गात पूल असतात. उंच पूल पाण्यापासून ६५ फुटांवर, डोलकाठी त्याखालून काढावी लागते. बुटके पूल उघडतात, ठरलेल्या वेळी. माझी लेक वायरलेसवरून पूलवाल्याला सांगते, आम्ही आलोय, तो घंटा वाजवतो, फाटक पाडतो, आणि रस्ता मधोमध दुभंगून वर उचलला जातो.

गृहस्थ पहिल्यांदाच थांबले. "मोटारी थांबतात?"

"दोन्हीकडच्या."

"सगळ्या?"

"सगळ्या."

"आणि तुमची लेक जाते."

"दहाच्या स्पीडने."

"व्हीआयपी!" ते पुन्हा रांगेकडे वळून म्हणाले, आणि ह्या वेळी 'म्हणे' लावलं नाही. त्या एका शब्दावर मी विरघळले, हे कबूल करायला लाज वाटते. मुलगाही म्हणाला, "रख लो ना आंटी, पैसा तो उतना ही लगेगा." मागून कुणी तरी "चला हो" केलं. यादीत चकल्यांच्या खाली 'रबर रिंग १, शिट्टी १' लिहिलं गेलं. खोक्यावर माझा नंबर होता, तो त्यांनी माझ्यासमोर, मोठ्याने वाचत, आपल्या फोनमध्ये घेतला. नाव काय घातलं ते दिसलं. 'बोटवाल्या वहिनी.'

पार्सल मिळालं. तुळशीच्या लग्नाच्या आगेमागे बोट ब्यूफर्टला लागली तेव्हा खोका ऑफिसात बसलेला होता. लेकीने व्हिडिओवर दाखवलं. अनारसे धड, लाडू दोन फुटले, चिवडा मात्र पीठ. चमच्याने खातोय म्हणाली. म्हणजे त्या माणसाचं तेही खरं ठरलं.

आणि मग ती म्हणाली, "आई, तुला कसं कळलं गं? आमची रिंग गेल्याच आठवड्यात फाटली होती. बरोब्बर बसली!" बोटीवर कुकर म्हणजे जीव. गॅसची टाकी एवढीशी, आणि बोट एका अंगाला कलली तरी झाकण घट्ट, वरण सांडत नाही. तिने मागे वळून कॅमेरा ओट्याकडे नेला. कुकर लागलेला होता. शिट्टी झाली. शिट्टीसुद्धा त्यांचीच असावी. आईने आठवणीने पाठवलं म्हणून तिचे डोळे भरले होते. माझ्या तोंडून खरं काही निघेना.

इकडे गृहस्थांनी वेगळीच माहिती काढली. न्यू जर्सीच्या मुलाने त्यांना सांगितलं की ह्या बोटी वसंतात पुन्हा उत्तरेला येतात. "मग मे महिन्यात न्यू जर्सीवरूनच जातील की! जाता जाता द्यायला सांगा. मला काही घाई नाही." घाई नाही आणि नऊ फोन.

आज पोहे झाकून ठेवले आणि बर्तन बाजारात जाऊन पाच लिटरची रिंग घेऊन आले. शिट्टीही घेतली. तशीच कुरिअरवाल्याकडे गेले. मुलाने ओळखलं. "आंटी! मकान नंबर एक?" म्हटलं नाही, ह्या वेळी खराखुरा पत्ता आहे. रिंग-शिट्टी मिळून शंभर ग्रॅमसुद्धा भरेना.

"कम से कम आधे किलो का लगेगा."

परत हवा. चारशे ग्रॅम.

मी पर्स उघडली, मिटली. मागे एक बाई मोठा खोका छातीशी धरून उभ्या होत्या, बुंदीच्या लाडवांचा वास येत होता.

"माफ करा हं," मी म्हटलं, "तुमचं पार्सल न्यू जर्सीला तर नाही ना चाललं?"