पैसे भरले म्हणजे रात्र मोजली, असं नसतं

हॉटेलांच्या लॉयल्टी प्रोग्रामबद्दल, म्हणजे पुन्हा पुन्हा राहणाऱ्या मेंबरला पॉइंट आणि 'स्टेटस' (वरचा दर्जा) देणाऱ्या योजनांबद्दल, एक मेसेज फिरतोय. त्यात 'क्रेडिट' म्हणजे आपल्या खात्यात पडणारी पॉइंट आणि रात्रींची नोंद: "पैसे तुमचे, तर क्रेडिट तुमचं. तीन खोल्या घ्या, एका दिवसात तीन रात्री मिळवा. मुक्काम दोन बुकिंगांत तोडा, दोन मुक्काम धरतात. ॲपवर चेक-इन केलं की प्रत्यक्ष जायची गरज नाही. बुकिंग कुठूनही करा. पॉइंट वापरून काढलेल्या रात्री मात्र धरत नाहीत."

तीन खोल्यांची गोष्ट अर्धी खरी आहे, म्हणून लोक फसतात. हयात या हॉटेल साखळीत तुम्ही स्वतः त्यातल्या एका खोलीत राहिलात आणि बिल तुम्ही भरलंत, तर तीन खोल्यांपर्यंतचे पॉइंट मिळतात. स्टेटससाठीची रात्र मात्र एकाच खोलीची. पॉइंट आणि रात्र ही दोन वेगळी खाती आहेत, आणि मेसेज लिहिणाऱ्याने ती सरळ एकात ओतली आहेत.

मुक्काम तोडायची युक्ती तर नियम लिहिणाऱ्यांनी केव्हाच ओळखलीये. हिल्टनच्या व्याख्येत एकाच हॉटेलातल्या सलग रात्री म्हणजे एक मुक्काम, मधे चेक-आउट करून पुन्हा चेक-इन केलं तरी. बुकिंग नंबर किती, हा प्रश्नच येत नाही. आणि मॅरियट किंवा हयातमध्ये स्टेटस मुळात रात्रींवर ठरतं. तिथे चार रात्रींचे दोन तुकडे केले तरी रात्री चारच.

ॲपवरचं चेक-इन: नियमांना पैसे भरणारा आणि राहणारा मेंबर, दोन्ही हवे असतात. आईवडिलांसाठी आपल्या नावावर खोली घेऊन आपण घरी बसलो, तर बिल आपलं असूनही हक्क बनत नाही. कधीकधी क्रेडिट पडतं, हे खरं. हॉटेलची सिस्टीम बिल बंद झालं की माहिती पुढे पाठवते, कोण झोपलं ते तिला कळत नाही. पण चुकून पडलेलं क्रेडिट काढून घ्यायचा अधिकार प्रोग्राम स्वतःकडे ठेवतो. "अमक्याला मिळालं" हा काही नियम नव्हे.

"कुठूनही करा" हे सर्वांत महाग पडणारं वाक्य. बुकिंग डॉट कॉम किंवा एक्सपिडियावरून घेतलेल्या खोलीचा दर या मोठ्या साखळ्यांत सहसा पात्र धरत नाहीत. तिथे पॉइंट नाहीत, रात्रही नाही. मी स्वतः असाच चार रात्री गमावून बसलोय. फ्रंट डेस्कवरच्या माणसाने "मेंबर नंबर टाकलाय, येतील" म्हटलं होतं. त्याने नंबर टाकलाही होता, पण दर अपात्र असेल तर नंबराचा काय उपयोग?

मेसेजमधला शेवटचा मुद्दा तर प्रत्यक्षात उलटाच आहे. पॉइंट देऊन काढलेल्या रात्री मॅरियट, हिल्टन आणि हयात, तिन्हीकडे स्टेटससाठी धरतात.

पात्र मुक्काम असूनही क्रेडिट आलं नाही, तर अंतिम बिल जोडून मागता येतं. मॅरियटमध्ये त्यासाठी चेक-आउटपासून वर्षभराची मुदत आहे.