आमची तडीपारी

ज्या माणसाने सायकलवर डबलसीट बसण्यापलीकडे आयुष्यात कायदा मोडलेला नाही, त्याला चॅट सर्व्हरवरून चार वेळा हाकलले गेले, हे अमळनेरात कोणाला सांगितले तर पटत नाही.

२००३ च्या सुमारास मी एका सायबर कॅफेतून आयआरसीवर, म्हणजे ‘इंटरनेट रिले चॅट’ या लेखी गप्पांच्या व्यवस्थेवर, गप्पा मारायला जात असे. फिनलंडमधील औलू येथे यार्को ओइकारिनेन यांनी १९८८ मध्ये ही व्यवस्था सुरू केली. तिच्यातील प्रत्येक चॅनेलवर, म्हणजे गप्पांच्या खोलीत, शिस्त राखणारे बहुधा एक-दोन ऑपरेटर असतात आणि त्यांच्या नावाआधी ‘ॲट’चे चिन्ह झळकते, गणपतीच्या मिरवणुकीत ज्याच्या गळ्यात शिट्टी असते त्याचा जो रुबाब, तोच या चिन्हाचा.

पहिली तडीपारी भरताने ओढवली. पुण्याच्या एका गृहस्थांनी भरताची वांगी गॅसवर भाजण्याचा उल्लेख केला आणि माझ्यातील खान्देश जागा झाला. वांगी काड्यांच्या जाळावरच का भाजावीत, मिरची किती घ्यावी, सोबत कळण्याची पुरी का हवी, हे सर्व मी आधी नोटपॅडमध्ये लिहून चाळीस ओळींत एकदम चिकटवले. एकाच माणसाच्या ओळी धडाधड येऊ लागल्या, की त्या मर्यादेबाहेर जाताच सर्व्हर ‘एक्सेस फ्लड’ असा शेरा मारून जोडणी तोडतो, हे मला ठाऊक नव्हते. लोकांची कृती अर्धवट राहिली असेल या काळजीने मी परत गेलो आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा चिकटवली. तेव्हा ऑपरेटरने बंदीच घातली.

दुसऱ्या वेळी तर मी कॅफेत नव्हतोच. कोणा मुलाने तिथून शिवीगाळ केली आणि सर्व्हरने ‘के-लाइन’ लावली, म्हणजे एका चॅनेलवरून नव्हे, तर थेट सर्व्हरवरूनच हद्दपारी. कॅफेतील आठही संगणक बाहेरच्या जगाला एकाच आयपी पत्त्यावरून दिसत होते. गल्लीतल्या एकाने उधारी बुडवली म्हणून किराणावाल्याने अख्ख्या गल्लीचे खाते बंद करावे, तसा हा प्रकार. ज्याने शिव्या दिल्या तो घरच्या डायलअपवरून, म्हणजे टेलिफोनच्या तारेवरच्या इंटरनेटवरून, निवांत गप्पा मारत होता, कारण डायलअपला प्रत्येक जोडणीत बहुधा नवा पत्ता मिळत असे. मी मात्र कॅफेमालकाकडे तक्रार घेऊन गेलो. “काय व्हयनं भाऊ?” असे त्याने विचारले, सगळे ऐकून घेतले आणि तासाचे पैसे तेवढे मागितले.

तिसरी गोष्ट थोडक्यात सांगतो. ‘फुकट’ हा शब्द रोमन अक्षरांत लिहिल्यास त्याची सुरुवात बॉटला, म्हणजे चॅनेलवर पहारा देणाऱ्या स्वयंचलित प्रोग्रामला, असभ्य वाटते, म्हणून त्याने मला हाकलले. इंग्लंडमधील स्कनथॉर्प या गावाच्या नावाच्या पोटात अपशब्द सापडल्यामुळे १९९६ मध्ये तेथील रहिवाशांना एओएल या इंटरनेट सेवेवर खाते उघडता येईना, हे नंतर वाचले आणि त्या गावाविषयी आपुलकी वाटली.

पुढे निष्ठा पाहून मलाच ऑपरेटर करण्यात आले. पहिल्याच आठवड्यात एक उपद्रवी इसम आला. बंदी कोणावर, हे सांगणाऱ्या नमुन्यात टोपणनाव, वापरकर्त्याचे नाव आणि पत्ता असे तीन भाग असतात, आणि तारका घातली की त्या जागी कोणीही चालते. त्याने टोपणनाव बदलले, मी तिथे तारका घातली. त्याने वापरकर्त्याचे नाव बदलले, मी दुसरी घातली. तो डायलअप तोडून नव्या पत्त्यावरून आला, तेव्हा मी संतापून तिसरीही घातली. चॅनेल एकदम शांत झाले. बंदी आता सर्वांनाच लागू झाल्यामुळे माझ्याखेरीज कोणालाच लिहिता येत नव्हते, पण ती शांतता मी माझ्या दराऱ्याचे फळ समजलो आणि भरताची कृती सावकाश, एकेक ओळ करून, लिहू लागलो.

मिरचीपर्यंत पोहोचलो आणि लोडशेडिंग सुरू झाले. दोन तासांनी वीज आली, तेव्हा माझे ‘ॲट’ गेले होते आणि या चॅनेलवर आपल्याला बंदी आहे, अशी सूचना पडद्यावर होती. बंदी कोणी घातली, हे पाहण्याची सोय तिथे असते. मी ती पाहिली नाही.