डेन्व्हरहून पश्चिमेला: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. अमेरिकेतल्या 'कॅलिफोर्निया झेफिर' या प्रवासी रेल्वेगाडीवरच्या माझ्या लेखाबद्दल तुमचे दोन आक्षेप आहेत. एक, कोलोरॅडो राज्यातल्या डेन्व्हरहून ग्रँड जंक्शनला जायला ही रेल्वे आठेक तास घेते, तेच कारने चार तासांत होतं. दुसरा, 'या घळया फक्त रेल्वेगाडीतूनच दिसतात' हे माझं वाक्य चूक आहे, कारण ग्लेनवूड कॅन्यन (म्हणजे खोल घळई) तुम्ही महामार्गावरून पाहिला आहे.

ग्लेनवूडबद्दल तुमचं बरोबर आहे. तिथे नदीच्या दक्षिण काठाने रूळ जातात, उत्तर काठाने आय-७० महामार्ग. बायर्स कॅन्यनमध्येही रस्ता सोबत असतो. ते वाक्य आज दुरुस्त केलं.

पण गोर आणि रुबी हे दोन कॅन्यन तुमच्या वाटेवर आलेच नाहीत. डेन्व्हरहून निघालेला महामार्ग आयझेनहॉवर बोगद्यातून आणि व्हेल खिंडीवरून जातो. कोलोरॅडो नदी त्याला भेटते ती थेट डॉटसेरो या गावापाशी. कार खडा चढ चढते, रेल्वेला तो झेपत नाही. लोखंडी रुळावर लोखंडी चाक, शंभर मीटरला दोन मीटर चढ म्हणजे तिच्यासाठी पुष्कळ झाला. म्हणून रूळ टाकणाऱ्यांनी नदीने आधीच कोरून ठेवलेली वाट धरली. ग्रॅनबी गावापाशी गाडी कोलोरॅडो नदीला गाठते आणि उटाहच्या हद्दीपलीकडे जाईपर्यंत सुमारे ३८० किलोमीटर तिच्या काठाने धावते. गोर कॅन्यनच्या आत रस्ताच नाही. एका बाजूला कडा, खाली फेसाळणारं पाणी, मधल्या अरुंद कट्ट्यावर आपण.

वेळ जातो तो चढणीवर, हे खरं. पण त्या चढणीवरही बघण्यासारखं आहे. डेन्व्हर सोडल्यावर 'बिग टेन' नावाचं मोठं वळण येतं. वळणाच्या आतल्या बाजूला वाळूने भरलेल्या जुन्या मालवाघिणी रुळाला कायमच्या जखडून उभ्या केल्या आहेत. डोंगरावरून सुटणारा वारा चालत्या गाडीला उलथवू नये म्हणून ती भिंत. पुढे १९२८ सालचा मॉफॅट बोगदा, जवळजवळ दहा किलोमीटरचा. आत धूर शिरू नये म्हणून तेवढा वेळ एका डब्यातून दुसऱ्यात जायचं नसतं.

आणि कार चालवणाऱ्याने बघायचं कुठे? त्याची नजर रस्त्यावरच हवी. १९४४ मध्ये सायरस ऑस्बर्न हे जनरल मोटर्सचे अधिकारी इंजिनाच्या केबिनमध्ये बसून ग्लेनवूडमधून गेले. चालकाला जे दिसतं ते प्रवाशांना का दिसू नये, या विचारातून काचेच्या घुमटाच्या डब्याची कल्पना निघाली. ती सुचली याच घळईत, ही गोष्ट मला फार प्रिय आहे. आजच्या झेफिरच्या निरीक्षण डब्याच्या काचाही छतापर्यंत वळलेल्या आहेत. तिथे जागा राखीव नसते, लवकर जाऊन बसावं.

एक विनंती. रेल्वेने गेलात तर तिकीट ग्रँड जंक्शनपर्यंतचं काढू नका, पुढच्या ग्रीन रिव्हर स्थानकाचं काढा. रुबी कॅन्यन या दोहोंच्या मध्ये आहे. महामार्ग तिथे नदी सोडून उत्तरेने जातो, गाडी मात्र लाल कड्यांना खेटून आत शिरते. कोलोरॅडो आणि उटाह या दोन राज्यांची हद्द तिथे कड्यावर रंगाने रेघ ओढून दाखवली आहे. ती दिसली की मला जरूर कळवा.