‘रस्त्याच्या कडेला गाडी लावून’: एका प्रतिक्रियेला उत्तर

कात्रजच्या कड्यावरच्या माझ्या मागच्या लेखाला ‘भूशास्त्राचा एक विद्यार्थी’ या नावानं एक प्रतिक्रिया आली आहे. तिला तिथेच खाली दोन ओळींत उत्तर देणार होतो. ते दोन ओळींत मावेना, म्हणून हा स्वतंत्र लेख.

ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. जुन्या कात्रज घाटाला लागताना, भिलारेवाडीच्या पुढे, रस्त्यासाठी डोंगर कापलेला आहे. त्या कापात मला लाव्ह्याचे पाच प्रवाह एकावर एक बसलेले दिसले, असं मी लिहिलं होतं. विद्यार्थीमहाशयांचं म्हणणं असं: हे पाच प्रवाह नव्हेत, एकाच संयुक्त प्रवाहाच्या पाकळ्या, म्हणजे त्यातूनच फुटून बाहेर आलेल्या लाव्ह्याच्या जिभा आहेत, मधला तांबडा थर एकाच ठिकाणी दिसतो, म्हणजे लाव्हा येण्यात मोठा खंडही एकदाच पडला असं फार तर म्हणता येईल, लाव्ह्याचं वय ६.५ कोटी नव्हे, ६.६ कोटी वर्षं. आणि शेवटी हे वाक्य: ‘रस्त्याच्या कडेला गाडी लावून दगड बघणाऱ्यांनी निष्कर्ष काढायची घाई करू नये.’

वयाचा मुद्दा एकदम मान्य. आम्ही शिकलो तेव्हा डायनासोर साडेसहा कोटी वर्षांपूर्वी संपले असंच पुस्तकात होतं आणि दख्खनचा लाव्हाही त्याच सुमाराचा. आता तो आकडा ६.६ कोटी धरतात. चूक माझी, दुरुस्ती केली आहे. चूक दाखवली की मी मान्य करतो, एवढं यावरून दिसावं.

आता त्या वाक्याकडे येतो.

पहिलं म्हणजे गाडी. माझ्याकडे गाडी नाही. स्वारगेटहून कात्रजची पीएमपी, तिथून पुढे चालत, हातात छत्री आणि पाण्याची बाटली. अशा पाच फेऱ्या केल्या. त्यातल्या दोन मुद्दाम पावसाळ्यात, कारण ओल्या कातळावर थर जसे उठून दिसतात तसे उन्हात दिसत नाहीत. समोरच्याला ओळखत नसताना त्याला गाडीत बसवायचं आणि वर ती गाडी कडेला लावल्याबद्दल झापायचं, ही कुठली अभ्यासाची शिस्त?

दुसरं, रस्त्याची कड. जणू काही रस्त्याच्या कडेचा दगड हा दुय्यम प्रतीचा दगड असतो. अहो, सह्याद्रीतल्या या थरांची आज जी वंशावळ मांडतात, तिच्यातली नावं एकदा मोठ्यानं वाचा: नेरळ, खंडाळा, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर. आंबेनळी हा घाट आहे, घाटातून रस्ता जातो, आणि अशाच घाटरस्त्यांच्या कडेनं वर चढत अभ्यासकांनी नमुने फोडले, त्यांचं रासायनिक पृथक्करण केलं आणि कोणता थर कोणाच्या वर ते ठरवलं. ते कडेला उभे राहिले की संशोधन आणि आम्ही राहिलो की टाइमपास, असं आहे का? १८३०च्या दशकात दख्खनच्या या काळ्या पाषाणाबद्दल लिहिणारे कर्नल साइक्स तर मुळात लष्करातले. घोड्यावरून उतरून त्यांनी दगड पाहिला असेल, तेव्हा त्यांना ‘घाई करू नका’ असं कोणी म्हणालं नसावं.

तिसरं, ‘बघणाऱ्यांनी’. या शब्दाचा मला खरा राग आला, आणि तो का आला ते सांगतो. १९७२च्या दुष्काळात मी आठ वर्षांचा होतो. सासवडच्या बाजूला रस्त्याचं दुष्काळी काम निघालं होतं, त्यावर आई खडी फोडायला जायची. बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या, मी शेजारी बसलेला. आई दगड हातात न घेता, नुसता हातोड्याचा एक टोला टाकून सांगायची, कोणता फुटणार आणि कोणता दमवणार. कातळ असला की टण्ण वाजायचा. मांजऱ्या असला की भद्द. मांजऱ्या म्हणजे तो पोकळ्यांचा, मऊसर खडक. लाव्हा थिजताना वायूचे बुडबुडे अडकले, मागाहून पाणी झिरपून त्या पोकळ्यांत पांढऱ्या गारा भरल्या. त्या गारांना झिओलाइट म्हणतात हे मला वीस वर्षांनी कळलं. पण प्रवाहाचा मधला भाग घट्ट आणि माथा पोकळ, हे मी आईच्या हातोड्यावरून शिकलो. पुढे वडिलांनी विहीर पाडली. पस्तीस फुटांवर गेरू लागला, म्हणजे तुमचा तो तांबडा थर, आणि त्याच्या वरच्या अंगानं पाझर सुटला. ही माझी प्रयोगशाळा. तुमची कोणती, ते टोपणनावाआडून दिसत नाही.

आणि घाई? घाई करावीच लागते, साहेब. रस्ता रुंद झाला की अशा कापांवर जाळी ठोकतात आणि वर सिमेंट फवारतात. दरडी कोसळू नयेत म्हणून ते करायलाच हवं, त्याबद्दल तक्रार नाही. पण मग पाहायला करडी भिंत उरते. भिलारेवाडीच्या कापावर सुरुंगाच्या भोकांच्या अर्ध्या नळ्या अजून ताज्या दिसतात, त्यांच्यातून पाणी ओघळतं. तांबडा थर वीतभर जाड. नखानं खरवडला की भुकटी निघते, कुंकू सांडल्यासारखी बोटाला लागते, आणि रुमालाला लागली तर जात नाही. खालच्या प्रवाहाचा माथा हवापाण्यानं कुजून त्याची माती झाली, कदाचित वर राखही पडली, त्यातलं लोखंड गंजलं, आणि मग वरून नवा लाव्हा आला त्यानं ती विटेसारखी भाजली. वरचा कातळ तिच्यावर इतका चपखल बसलाय की मधे पोस्टकार्ड सरकणार नाही. हे मी लेखात लिहिलं होतं. त्यावर तुम्ही एक शब्द काढला नाहीत.

राहता राहिला पाकळ्यांचा मुद्दा. पाहोएहोए जातीचा लाव्हा एका लोंढ्यात येत नाही. त्याची कड फुगते, साय धरते, ती साय फाटून पुढे आणखी एक जीभ बाहेर पडते, तीही थिजते, आणि असे गादीसारखे ढीग एकमेकांवर चढत जातात. प्रत्येक ढिगाला स्वतःचा घट्ट गाभा आणि पोकळ माथा असतो, आणि मधला काळ वर्षांचा नव्हे, दिवसांचाही असू शकतो. हे मला ठाऊक आहे, समजावून सांगायची गरज नव्हती. पण लाव्हा आला, थिजला, पुन्हा आला. त्याला पाकळी म्हणा नाहीतर प्रवाह म्हणा. सर्वसामान्य वाचकासाठी लिहिताना मी शब्दांचा कीस पाडत बसणार नाही. तांबडा थर एकदाच दिसतो यावरचं तुमचं म्हणणं वाचलं, त्यावर पुन्हा कधीतरी.

तरीही मी गेल्या रविवारी सहावी फेरी केली. पहिल्या आणि दुसऱ्या प्रवाहामधला सांधा लांबूनही दिसतो, तांबडा थर तिथलाच. तिसऱ्या आणि चौथ्यातला सांधा शोधायला जरा वेळ लागला. उजेड नीट नव्हता, चष्माही दोनदा पुसावा लागला. पण आहे.

मूळ लेखात ६.५चे ६.६ केले आहेत. पाच मात्र पाचच ठेवले आहेत.