पंख्याला शिडी टेकवायची कुठे?

आज दुकानातून डोकं तापवून घरी आलोय. हॉलमधला पंखा पुसायला शिडी हवी म्हटलं, तर दुकानदाराने तीन फुटांचं गाठोडं काढलं, खटाखट ओढून साडेबारा फूट केलं आणि म्हणाला, "काका, हल्ली सगळे टेलिस्कोपिकच नेतात."

अहो, पण ही सरळ शिडी! हिला टेकायला भिंत लागते. हॉलच्या मधोमध काय पंख्याच्या पात्याला टेकवू?

वजन किती पेलते विचारलं तर, "दोघं चढा, काही होत नाही." शेवटी मीच वाकून स्टिकर वाचला. १५० किलो. त्यात माणूस, बादली, ड्रिल सगळं आलं. शिडीवर दोघं म्हणे!

मी एवढा का चिडलो ते सांगतो. गेल्या दिवाळीआधी आमचे बाबा दिवाणावर स्टूल ठेवून पंखा पुसायला चढले. स्टूल मी धरलं होतं. गादी दबली, स्टूल कललं, बाबा खाली. मनगट मोडलं. ओलं फडकं मात्र पात्यावरच लटकत राहिलं, पार भाऊबीजेपर्यंत. काढायला कोण चढणार?

टेलिस्कोपिक वाईट नाही, मान्य. दाराआड मावते, लिफ्टमधून जाते, माळ्यावर चढायला झकास. पण दर पायरीचे दोन्ही खटके बसलेत का ते चढण्याआधी बघायचं, आणि मिटताना बोटं सांभाळायची. उंची चार फूट तर पाया भिंतीपासून एक फूट लांब, एवढा हिशेब ठेवायचा. गावी कौलांवर जायचं असेल तर सरकती दोन भागांची घ्या, पागोळीच्या वर तीनेक फूट निघेल अशी. आणि ॲल्युमिनियमची असेल तर विजेच्या तारेपासून लांब. हे सगळं दुकानदाराने सांगायला नको?

असो. त्याच्यावर किती ओरडणार. त्या दिवशी स्टूल धरलेल्या माझ्या एका हातात मोबाइल होता. घरात हे कोणालाच सांगितलं नव्हतं.

शेवटी साधा सहा फुटी घोडा आणला, म्हणजे भिंतीशिवाय उभी राहणारी दुपाखी शिडी, चारही पायांना रबर असलेली. बाबांनी उघडला, हलवून बघितला, मधली पट्टी दाबून घट्ट केली. म्हटलं, "बाबा, यंदा मी चढतो, तुम्ही धरा."

"धरतो की," म्हणाले. "मोबाइल आत ठेवून धरतो."