खुर्ची ओढू नका

आज सकाळी सव्वानऊला एक मेसेज आला आणि तेव्हापासून कामात लक्ष नाही माझं. पुढच्या महिन्यात आम्ही चौघं, आई, बाबा, भाऊ आणि मी, चार दिवस बाहेर जाणार आहोत. ॲपवर घर बघितलं, बुक केलं, पैसे भरले. आणि पैसे भरून झाल्यावर, आधी नाही, घरमालकाची यादी आली. चौघांच्या ओळखपत्रांचे दोन्ही बाजूंचे फोटो, त्याच्या खाजगी व्हॉट्सॲपवर. प्रत्येकाचा ओळखपत्र हातात धरलेला सेल्फी. एकमेकांशी नातं काय. येण्याचं कारण काय. बुक करणाऱ्याच्या फेसबुक किंवा इन्स्टाग्रामची लिंक. आणि पोचल्या पोचल्या व्हिडिओ कॉल करायचा, किती माणसं आलीत ते त्याला बघायचंय.

मी हे भावाला मोठ्याने वाचून दाखवत होते. बाबा खिडकीशी बसले होते. ऐकून झाल्यावर एवढंच म्हणाले, "तिथे कॅमेरा असेल तर मी घरी थांबतो. तुम्ही तिघं जाऊन या."

एवढं वाक्य बोलायला त्यांना किती वेळ लागतो हे तुमच्यातले जे घरी येऊन गेलेत त्यांना माहीत आहे.

ते असं का म्हणाले, ते मी इथे कधी लिहिलं नाही. आज लिहिते.

गेल्या वर्षीची गोष्ट. बाबांना अर्धांगवायूचा झटका येऊन सात महिने झाले होते. उजवी बाजू गेली होती, हळूहळू परत येत होती. घर, हॉस्पिटल, फिजिओथेरपी, परत घर. आई म्हणाली, तीन दिवस तरी कुठेतरी मोकळ्यावर जाऊ या. हॉटेल नको होतं, कारण बाबांना चारचौघांत जेवायचं नसायचं, हात थरथरायचा. म्हणून पूर्ण घर घेतलं. आम्हाला कुणी बघणार नाही, एवढ्याचसाठी घर घेतलं होतं. बाकी काही कारण नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाच वीसला माझा फोन वाजला. घरमालकाचा मेसेज. "प्लीज खुर्ची ओढू नका, फरशीवर चरे पडतात."

मला वाटलं चुकून दुसऱ्याचा मेसेज आला. मग हॉलमधून आवाज ऐकू आला. घर्रर्र, मग शांतता, मग परत घर्रर्र. दार उघडून बघते तर बाबा. जेवणाच्या टेबलाची एक लाकडी खुर्ची त्यांनी पाठीकडून धरली होती आणि ती पुढे ढकलत तिच्या आधाराने चालत होते. खुर्ची पुढे, एक पाऊल, थांबायचं, श्वास घ्यायचा, खुर्ची पुढे. घरी फिजिओथेरपिस्ट आली की हा माणूस वॉकरला हात लावत नव्हता. आम्ही समोर असलो की म्हणायचे, आज नको, दमलोय. आणि इथे, सगळे झोपलेत या खात्रीने, अंधारात एकटे सराव करत होते.

माझे वडील पुन्हा चालून बघतायत हे माझ्याआधी, आईच्याही आधी त्या घरमालकाला कळलं. आणि त्याला दिसली काय, तर फरशी.

कॅमेरा टीव्हीच्या कप्प्यात होता, राउटरच्या शेजारी. लहानसा, काळा. आदल्या दिवशी मी त्याच्यावरचा धूळभरला रुमाल उचलून बाजूला ठेवला होता, म्हणजे उद्घाटनच माझ्या हातून झालं, हे आठवलं की आजही पोटात कालवतं. असले कॅमेरे हालचाल दिसली की मालकाच्या फोनवर लगेच सूचना पाठवतात. अंधार असला तरी इन्फ्रारेडवर सगळं दिसतं. मी वायर उपटली. दहा मिनिटांत फोन. "मॅडम, कॅमेरा ऑफलाइन दाखवतोय." मी विचारलं, हॉलमध्ये कॅमेरा आहे हे तुम्ही सांगितलंत कधी? म्हणाला, लिस्टिंगमध्ये लिहिलंय. परत जाऊन वाचलं. सगळ्यात खाली एक ओळ, 'प्रॉपर्टीवर सुरक्षा कॅमेरे आहेत'. माझ्या डोक्यात फाटकावरचा कॅमेरा आला होता. तुमच्या डोक्यात काय आलं असतं? वर म्हणतो कसा, "रेकॉर्डिंग कोण बघत बसतंय, मॅडम?"

पहाटे पाच वीसला तू बघत होतास.

बाबांना मी काही सांगितलं नव्हतं, पण फोनवरचं माझं बोलणं त्यांनी ऐकलं. त्यांनी खुर्ची उचलून जागेवर ठेवायचा प्रयत्न केला, ती त्यांना उचलेना, मी पुढे झाले तर मानेने नको म्हणाले. उरलेले दिवस ते हॉलमध्ये आलेच नाहीत. वायर काढली होती तरी. घरी आल्यावरही पाच-सहा आठवडे सराव नाही. त्या माणसाने आमच्याबद्दल रिव्ह्यू काय लिहिला? माणसं चांगली आहेत, पण उपकरणांशी छेडछाड केली.

ॲपच्या कस्टमर केअरला मी फोटोसकट तक्रार केली. एका रात्रीचे पैसे परत आले आणि 'तुमचा अनुभव आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' असा ईमेल आला. त्या ॲपचं नाव घेत नाही. एवढं सांगते की ते एअरबीएनबी, म्हणजे जगभर घरं भाड्याने मिळवून देणारी ती मोठी कंपनी, नव्हतं, कारण त्यांच्याबद्दल पुढे लिहायचंय.

मागे एका मैत्रिणीला हे सांगितलं तर ती म्हणाली, लपवण्यासारखं काही नसेल तर कॅमेऱ्याने काय फरक पडतो? मी तेव्हा गप्प बसले. आज बसणार नाही. बाबा लपवतच होते! आपलं पडणं लपवत होते. सत्तर वर्षांचा माणूस पहिल्यापासून चालायला शिकतो तेव्हा त्याला कुणी बघू नये असं वाटतं, यात गुन्हा काय आहे? बाळाला अंगावर पाजणारी बाई हॉलमध्ये बसते. कुणी रडतं. नवरा-बायको भांडतात. कुणी आंघोळ करून टॉवेलवर बाहेर येतं, कारण घरात दुसरं कुणी नसतं. घर भाड्याने घेतो म्हणजे हेच तर घेतो आपण. चार भिंती आणि पलंग हॉटेलातही मिळतात.

हो, लोक घरं घेऊन पार्ट्या करतात, सामान फोडतात, चौघांच्या नावावर पंधरा जण राहतात. माहीत आहे मला. मग डिपॉझिट घ्या. दाराबाहेर कॅमेरा लावा आणि कुठे लावलाय ते आधी सांगा. आवाज किती डेसिबल झाला एवढंच मोजणारी यंत्रं मिळतात, ती बोलणं रेकॉर्ड करत नाहीत. तीही सांगून लावा. माझं काही म्हणणं नाही. कचरा बाहेर ठेवून जा, भांडी घासून ठेवा म्हणाल तर तेही करते मी.

आणि हे होऊ शकतं. एअरबीएनबीने ३० एप्रिल २०२४ पासून घराच्या आतले सगळे कॅमेरे बंद केले, जगभर. त्याआधी त्यांच्याकडेही हॉल, पॅसेज अशा जागी चालायचे, फक्त लिस्टिंगमध्ये सांगायचं आणि कॅमेरा उघड दिसायला हवा, एवढीच अट होती. आता आत कॅमेरा नाही म्हणजे नाही, स्विच बंद ठेवलेलासुद्धा नाही. बाहेरचा कुठे आहे ते बुकिंगआधी सांगायचं, आणि त्याचा रोख घराच्या आत नको. कंपनी २००८ सालची आणि हा साधा नियम यायला २०२४ उजाडलं, याचा राग येतोच. पण आला ना शेवटी? घरमालकांचा धंदा बुडाला का त्याने?

आता त्या ओळखपत्रांचं. हॉटेलच्या काउंटरवर मी ओळखपत्र देतेच, कधी कटकट केली नाही. पण ओळखपत्र दाखवणं वेगळं आणि एका अनोळखी माणसाच्या फोनच्या गॅलरीत ते कायमचं टाकणं वेगळं. त्याच्या फोनचा बॅकअप कुठे जातो, फोन घरात कोण वापरतं, विकला तर काय, कोण सांगणार मला? आणि तो ओळखपत्र हातात धरलेला सेल्फी! ऑनलाइन खातं उघडताना, कर्ज घेताना, 'तुम्ही तुम्हीच आहात' याचा पुरावा म्हणून कित्येक ठिकाणी नेमका तोच फोटो मागतात. तो सगळ्या घराचा, आईबाबांचा धरून, मी चार दिवसांच्या भाड्यापायी कुणाच्याही हातात देऊ? ज्या ॲपवर बुक केलं तिथे माझी ओळख तपासून झालीय. त्यांनी मला पुढे पाठवलं ते त्याच भरवशावर ना?

काही देशांत घरमालकालाच सरकारला माहिती द्यावी लागते, हे मान्य. इटलीत चोवीस तासांत पाहुण्यांची नावं पोलिसांकडे ऑनलाइन जातात. स्पेनमध्ये २ डिसेंबर २०२४ पासून नियम आणखी कडक झाले, पत्ता, फोन, पैसे कसे भरले, सगळं घ्यायचं आणि तीन वर्षं जपून ठेवायचं. नातंसुद्धा विचारतात, पण सोबत लहान मूल असेल तर. आणि त्याच स्पेनमधल्या माहिती संरक्षण संस्थेने बजावलंय की कायद्याला हवेत ते तपशील घ्या, ओळखपत्राची अख्खी कॉपी मागू नका. म्हणजे जिथे सरकार एवढं खोदून विचारतं तिथेही 'कामापुरतं घ्या' ही रेघ आहे. आमच्या या महाशयांना कुठल्या कायद्याने माझं इन्स्टाग्राम बघायचंय? चार मोठी माणसं एकमेकांची कोण लागतात हे कळल्यावर ते काय करणार आहेत? चादरी बदलणार आहेत?

लिहिता लिहिता परत चिडले. पाणी पिऊन आले.

सगळे असे नसतात, हेही लिहायला हवं. एका घरी बाईंनी किल्ली हातात दिली, गिझरचं बटण दाखवलं, 'काही लागलं तर हा नंबर' म्हणाल्या आणि गेल्या. निघायच्या दिवशीच परत दिसल्या. त्यांच्या घराची किल्ली आमच्याकडे आणि आमचे तीन दिवस आमच्याकडे. त्या घरात मी एक कप फोडला होता. आपणहून सांगितला आणि भरूनही दिला. विश्वास टाकला की माणसं बहुतेक वेळा अशीच वागतात, निदान मी ज्यांना ओळखते ती.

दुपारी मी ते पुढच्या महिन्याचं बुकिंग रद्द केलं. थोडे पैसे कापले, कापू देत. भावाने दुसरं घर शोधलं आणि पैसे भरायच्या आधी मी त्या मालकिणीला मेसेज केला. घराच्या आत कॅमेरा किंवा माइक आहे का? बाहेर कुठे कुठे आहे? ओळखपत्र आल्यावर दाखवलेलं चालेल का, फोटो पाठवणार नाही. वाटलं होतं, बाई वैतागतील.

तासाभरात उत्तर आलं. आत काही नाही. बाहेर एक आहे, मुख्य दाराच्या वर, रस्त्याकडे तोंड करून, त्याचा फोटोही पाठवला. ओळखपत्र आल्यावर दाखवा, मी वहीत नंबर लिहून घेते.

बाबांना वाचून दाखवलं. आता ते काठी घेऊन चालतात, पण पहाटेचा सराव अजून खुर्चीनेच असतो. आम्ही सगळे तेव्हा झोपलेले असतो, म्हणजे झोपल्यासारखे पडून असतो. त्यांनी ऐकून घेतलं, मग फोन माझ्या हातातून घेतला, डाव्या हाताने घराचे फोटो सरकवत बसले. स्वयंपाकघर, पलंग, अंगण, सगळं पुढे सरकवलं. जेवणाच्या टेबलाच्या फोटोवर थांबले.

"अगं, या खुर्च्या जड आहेत का, विचार त्यांना."