सुट्टीचा बेत रुळावर आणा, गाडी मात्र सोडू नका

सहकुटुंब सुट्टीवर जायच्या बेताचं घोंगडं गेले कित्येक महिने भिजत पडलंय आणि आता ते एकदाचं पिळून वाळत घालायचंच, असं तुम्ही ठरवलंत. अभिनंदन! मागच्या वर्षीही तुम्ही हेच ठरवलं होतं, त्यामुळे अनुभवाची कमतरता नाही.

सुरुवात नव्या एक्सेल शीटने करा. जुनी उघडू नका. तिच्यात ‘नक्की’ असं लिहून हिरवा रंग भरलेले चौकोन आहेत आणि त्यातल्या सगळ्या तारखा उलटून गेल्या आहेत. असलं दृश्य रात्री अकरानंतर बघू नये. नव्या शीटला ‘सुट्टी अंतिम’ असं नाव द्या. त्या नावाची आधीच एक निघाली तर ‘अंतिम नवी’. मग रकाने आखा: पर्याय, पर्यायाला पर्याय, पाऊस पडला तर, पाऊस नाही पडला तर. ठिकाणाचा रकाना शेवटी ठेवा, म्हणजे तिथवर पोचेपर्यंत झोप येईल.

झोप आलीच नाही, तर हॉटेलांबद्दल लोकांनी काय लिहिलंय ते वाचा. राहून खूश झालेल्या चारशे माणसांकडे लक्ष देऊ नका, त्यांना काय कळतंय! चार वर्षांपूर्वी ज्याच्या नळाला गरम पाणी उशिरा आलं, त्या एकट्याचं गाऱ्हाणं मात्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचा आणि ते हॉटेल बाद करा. अशी पाच-सहा बाद केलीत की काहीतरी काम झाल्यासारखं वाटतं.

आता कुणी म्हणेल, नुसतंच ठरवत बसायचं तर जायचं कधी? इथे विज्ञान तुमच्या बाजूने आहे. येरून नावेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेदरलँड्समधल्या १,५३० माणसांचा अभ्यास करून तो २०१० मध्ये प्रसिद्ध केला. त्यातले ९७४ जण सुट्टीवर जाऊन आले होते. आढळलं असं, की सुट्टीवर जाणारे जायच्या आधी न जाणाऱ्यांपेक्षा जास्त आनंदी होते. परत आल्यावर मात्र दोघांत फारसा फरक उरला नव्हता. म्हणजे सुखाचा भरणा जाण्याआधीच होतो. मग जाऊन तो संपवायचा कशाला? तुमचा बेत पुढे ढकलला जात नाहीये, तुमचं सुख लांबवलं जातंय. घरात हे असंच सांगा.

त्या अभ्यासात एक अपवाद आहे, तोही प्रामाणिकपणे सांगतो. ज्यांची सुट्टी अगदी निवांत गेली, त्यांचा आनंद परतल्यावरही थोडा टिकला होता. पण तुम्हाला मुलं आहेत. तेव्हा पुढे चला.

घरच्यांना विश्वासात घेणं आवश्यक आहे. सगळ्यांना एकत्र बसवा आणि ‘तुम्हीच सांगा, कुठे जायचं?’ असा मोकळा प्रश्न टाका. मोठी म्हणेल समुद्र, धाकटा म्हणेल डोंगर, आणि तुमचा जोडीदार म्हणेल, ‘तुम्ही ठरवाल तिथे, फक्त मागच्यासारखं नको.’ मागच्यासारखं म्हणजे नेमकं कसं, हे विचारायची चूक करू नका, नाहीतर ती संध्याकाळ त्यातच जाईल. त्यापेक्षा फोनवर एक ग्रुप काढा, त्यात चार पर्यायांचं मतदान ठेवा. घरात माणसं चार, मतं चार पर्यायांना एकेक. लोकशाही जिंकली. तो ग्रुप पुढे ‘येताना दूध आणा’ एवढं सांगायला उपयोगी पडतो.

थॉमस कुक नावाच्या गृहस्थांनी ५ जुलै १८४१ ला इंग्लंडमधल्या लेस्टरहून लॉफबरोला सुमारे पाचशे माणसं खास रेल्वेने नेली आणि त्याच दिवशी परतही आणली. कशाला, तर दारूबंदीच्या सभेला! पुढे त्यातून पर्यटनाचा एक मोठा धंदा उभा राहिला. आता या उदाहरणाने खचून जाऊ नका. कुकसाहेबांकडे शीट नव्हती, ग्रुप नव्हता, दुसरं हॉटेल आणखी स्वस्त मिळेल का हे बघायची सोय नव्हती. त्यांना निघण्यावाचून गत्यंतरच नव्हतं. तुमचं तसं नाही.

आता मुख्य अडचण, म्हणजे ऑफिस. ‘एवढं एक काम हातावेगळं झालं की निघू’ हे वाक्य पाठ असू द्या. ते खोटं नाही, तुम्ही ते अगदी मनापासून म्हणता आणि म्हणूनच ते इतकं टिकाऊ आहे. कामाला किती वेळ लागेल याचा माणसाचा अंदाज नेहमी आशावादी निघतो, ही खोड डॅनियल काहनेमन आणि एमोस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्येच पकडली होती. १९९४ मध्ये रॉजर ब्यूहलर आणि सहकाऱ्यांनी प्रबंध संपवत आलेल्या विद्यार्थ्यांना विचारलं, किती दिवस लागतील? सरासरी उत्तर आलं ३४ दिवस. बरं, सगळंच बिनसलं तर? ४९ दिवस. प्रत्यक्षात सरासरी लागले ५५ हून जास्त. म्हणजे माणूस वाईटात वाईट कल्पना करतो, तीसुद्धा जरा गोडच करतो.

या विद्यार्थ्यांना बहुधा ताप आलेलं मूल सांभाळायचं नव्हतं, शाळेच्या प्रकल्पासाठी रात्री दहा वाजता पुठ्ठा शोधायचा नव्हता. तुमचं काम पुढल्या महिन्यात संपणार असेल, तर ते कधी संपेल याचा हिशेब मी इथे मांडत नाही. तुमचा आनंद आधीच सुरू झालाय, त्यात विरजण कशाला?

रजेचं काय? रजा साठवा. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९७० मध्ये भरपगारी रजेचा एक करार केला, त्यात वर्षाला किमान तीन आठवडे रजा हवी असं म्हटलंय. रजेचे तुकडे केलेच, तर सर्वसाधारणपणे एक तुकडा सलग दोन आठवड्यांचा असावा, असंही त्यात आहे. इतकंच नव्हे, पैसे घेऊन किंवा न घेता ही किमान रजा सोडून द्यायचं कुणी कबूल केलं, तर ती कबुली रद्दबातल धरावी किंवा तिला मनाईच असावी, इथवर त्या लोकांनी विचार करून ठेवला. कुणीही मागितली नसताना, आपण होऊन, ‘नाही सर, या आठवड्यात मी आहेच’ म्हणणारा प्राणी मात्र त्यांच्या डोळ्यांसमोर आलेला दिसत नाही. तुम्ही कायद्याच्या फटीत राहता. तिथे गर्दी आहे, पण जागा होते.

चुकून रजा मंजूर झालीच, तर घाबरू नका, लॅपटॉप बरोबर घेऊन जायची तयारी ठेवा. ‘फक्त सकाळी तासभर बघेन’ असं घरी सांगून ठेवा. एवढ्यावर घरातूनच बेत रद्द व्हायची शक्यता असते आणि दोष तुमच्यावर येत नाही.

परदेशी जायचं मनात असेल, तर तुमचं काम सरकारंच करतात. बऱ्याच देशांत मुलांचा पासपोर्ट मोठ्यांपेक्षा कमी मुदतीचा, बहुतेक पाच वर्षांचा असतो. शिवाय कित्येक देश आत घेताना तो आणखी सहा महिने तरी चालणारा हवा, असा आग्रह धरतात. म्हणजे पाचातले साडेचारच तुमचे. त्यातलं पहिलं वर्ष ‘अजून लहान आहे, काय लक्षात राहणार त्याला’ यात जातं, शेवटचं परीक्षांत. मधल्या काळात कपाटाची किल्ली सापडत नाही. एक दिवस पासपोर्ट हाती लागतो, तर त्यावरच्या फोटोत एक बोडकं, गुबगुबीत बाळ तुमच्याकडे टकामका बघत असतं आणि तुमच्या मागे उभा राहून कुणीतरी घोगऱ्या आवाजात विचारतं, ‘हा मी आहे?’ आतली पानं कोरी करकरीत. शिक्का एकही नाही. तारीख कधीचीच संपलेली. नूतनीकरणाचा एक रकाना शीटमध्ये वाढवा.

आणि एक शेवटचं. मुलीच्या पलंगाखाली एक छोटी बॅग आहे. बेत पहिल्यांदा ‘नक्की’ झाला होता, त्या रात्री तिने ती स्वतः भरली. तिच्यात एक टॉर्च आहे, वेगवेगळ्या रंगांचे दोन मोजे, चित्रांची वही, आणि पोहायचा नवा पोशाख, लेबलसकट. केर काढताना ती बॅग हाताला लागेल. उघडू नका. उघडलीतच, तर पोशाख तिला लावून बघू नका, तो आता होत नाही. दुसरा आणायला गेलात, तर एक माप मोठा आणा. शीट किती झाली आहे ते बघता, दोन.